उन्हात घासलेल्या काचेवर चेहरा दिसेना, काय करावं?

अंगणकर:
अलेप्पीत बनलेला जुना वागीश्वरी हाफ प्लेट (मोठ्या फिल्मचा) कॅमेरा घरात आहे. सागवानी पेटी, भाता शाबूत, पुढे २१० मिमी, एफ ४.५ची लेन्स. एक्स-रे फिल्म कापून वापरतो. आजीचा फोटो काढायचाय, तोही तिच्या हट्टानं वाड्याच्या अंगणात. ऊन चढलं की मागच्या घासलेल्या काचेवर, जिथे चित्र बघून फोकस करायचा, चेहऱ्याऐवजी माझाच शर्ट दिसतो. आईची काळी ओढणी डोक्यावर घेतो, पण खालून उजेड शिरतो, चष्म्यावर वाफ धरते आणि वारा आला की ओढणी उडून लेन्ससमोर. आजी विचारते, "आत झोपलास का रे?" फ्रेनेल (काचेवरचं चित्र उजळ करणारं खाचांचं सपाट भिंग) बसवू की घडीचं हूड (काचेभोवतीचा आडोसा) करून घेऊ?

बाराबंदी:
जुना काळा टी-शर्ट घे, जाड. गळा कॅमेऱ्याच्या मागच्या चौकटीवर ताणून बसव, खालच्या घेरातून डोकं आत घाल. बाह्यांतून हात घालून फोकस फिरवता येतो. फुकटात काम.

स्टुडिओवाले काका:
टी-शर्ट ठीक आहे, पण हाफ प्लेटची मागची चौकट मोठी, गळा फाटेल. माझं आयुष्य वडिलांच्या स्टुडिओत या कापडाखाली गेलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ओढणी आईला परत कर. शिंप्याकडून दुहेरी कापड शिवून घे, निदान चार बाय पाच फुटांचं. आत जाड सुती काळं, बाहेर पांढरं पॉपलिन. बाहेरूनही काळं ठेवलंस तर उन्हात डोकं भाजेल. सॅटिन मुळीच नको, आतल्या आत चकाकतं. कॅमेऱ्याकडच्या कडेला इलॅस्टिक, बाकीच्या कडांत लहान वॉशर शिवून टाक, वाऱ्याचा प्रश्न मिटला.

खालचा उजेड येतो तो तापलेल्या फरशीवरून. पायाखाली काळी घोंगडी अंथर. मग कापड हनुवटीखाली गच्च आवळायची गरज नाही, श्वासाला वाट राहते आणि चष्माही धुकटत नाही. आत शिरल्यावर अर्धा मिनिट नुसता थांब. डोळे अंधाराला सरावले की तीच काच उजळ वाटते.

आणि मुळात कॅमेरा उन्हात कशाला? तो ओसरीत ठेव, आजीला ओसरीच्या कडेला सावलीत बसव. अंगणाचा हट्टही राहील आणि चेहऱ्यावरचा उजेडही मऊ मिळेल.

डोंगरवाट:
मी घाटात निसर्गचित्रं काढतो. फ्रेनेलनं कोपरे लख्ख दिसतात, जरूर बसव. हूडही सोयीचं आहे, उघडलं की काम सुरू.

स्टुडिओवाले काका:
डोंगर हलत नाही हो, आजी हलते! तिचा चेहरा काचेच्या मधोमध, कोपरे उजळून करायचंय काय? शिवाय फ्रेनेल काचेच्या पुढच्या बाजूला लावलं तर फोकस सरकतो, आणि लूप (फोकस तपासायचं छोटं भिंग) टेकवला की वर्तुळंच दिसतात. हूडमध्ये लूप घालायला हात पुरत नाही. चौकट जुळवायला हूड बरं, डोळ्यावर फोकस करायला कापडच हवं.

अंगणकर:
घोंगडी मिळाली, कापड शिवायला टाकलंय. पण फोकस करून होल्डर (फिल्मची चपटी पेटी) सरकवेपर्यंत आजी पुढे झुकते, त्याचं काय?

स्टुडिओवाले काका:
लेन्सचं छिद्र एफ ४.५ला पूर्ण उघडं ठेवून पाच फुटांवरून काढलंस तर जेमतेम दीड-दोन इंचच स्पष्ट येतं, म्हणजे डोळा स्पष्ट तर कान पुसट. जवळच्या डोळ्यावर फोकस झाला की लेन्सच्या चौकटीला बांधलेली दोरी ताणून त्या डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत ने आणि तिथे गाठ मार. होल्डर घातल्यावर दोरी पुन्हा धरायची, गाठ जुळेपर्यंत आजीला मागे-पुढे करायचं, मग दोरी सोडून शटर. खुर्ची पाठीची आणि ताठ हवी, आरामखुर्ची नको. उजेड पुरत असेल तर फोकसनंतर छिद्र एफ ११पर्यंत बारीक कर.

बाराबंदी:
एक राहिलं. काच कधी पुसायला काढली असेल तर उलटी बसलेली नाही ना ते बघ. खरखरीत बाजू लेन्सकडे हवी, नाहीतर फोकस काचेच्या जाडीमुळे चुकतो. नख फिरवलं की लगेच कळतं.