मदत हवी आहे: घरगुती केकचा भाव कसा लावता?

नमस्कार मंडळी, मी मुलुंडची. लेकीच्या वाढदिवसापासून हौसेने केक करू लागले, आता महिन्याला आठ-दहा ऑर्डरी येतात. एफएसएसएआयची (अन्नसुरक्षेची सरकारी) नोंदणी झाली आहे, तो प्रश्न नाही. अडलंय ते भावाशी.

आतापर्यंत सामानाच्या दुप्पट घ्यायचे. परवा दीड किलोचा लोकल ट्रेनचा केक केला. सामान ७५० चं, घेतले १,५००. पण फॉन्डंटच्या (सजावटीसाठी लाटतात त्या साखरेच्या गोळ्याच्या) खिडक्यांना जाळ्या कापण्यातच पाच तास गेले. त्यात या दमट हवेत फॉन्डंटला घाम फुटला, मग एसी लावून बसले. बोर्ड, डबा, क्रॉफर्ड मार्केटची खेप, ठाण्यापर्यंत रिक्षा... हाती चहापाण्यापुरते उरले. वर गिऱ्हाईक ताई म्हणतात, "घरीच तर करतेस, बेकरीत निम्म्यात मिळतो." मिळतो की, पण त्यावर लोकल नसते!

किलोवर भाव लावणं अशा केकला मला तरी पटत नाही. तुम्ही तासाची मजुरी वेगळी धरता का? किती? वीज-गॅस कसा मोजता? आणि सोसायटीतल्या पहिल्यावहिल्या गिऱ्हाइकांना, ज्यांच्यामुळे चार ऑर्डरी आल्या, त्यांना भाव वाढल्याचं कोणत्या तोंडाने सांगू? पुढच्या रविवारी त्यांच्यातल्याच एकीची ऑर्डर आहे.