दोन गुणांचा जुगार?

अमेरिकन फुटबॉलच्या २००७ च्या फिएस्टा बोल सामन्यात बॉयसी स्टेट विद्यापीठाच्या संघाने एका गुणाची किक मारून बरोबरी साधायची सोडून दोन गुणांसाठी जाणं (म्हणजे आणखी एका चालीत चेंडू गोलरेषेपार नेणं) हा निव्वळ जुगार होता, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. जादा वेळेत पहिल्याच चालीत ओक्लाहोमाचा धावपटू एड्रियन पीटरसन २५ यार्ड पळत सुटला आणि ओक्लाहोमा ४२-३५ ने पुढे. मग बॉयसीनेही टचडाउन (सहा गुण) करून ४२-४१ केलं. त्याला पुन्हा पुन्हा अडवायचं कुणी? सामना लांबला असता तर बॉयसीचंच मरण होतं. आणि चाल तरी काय! बॉयसीचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा खेळाडू) झब्रान्स्कीने उजव्या हाताने फेकल्याचा आव आणला, डाव्या हाताने पाठीमागून चेंडू धावपटू इयान जॉन्सनला दिला. अख्खा बचाव भलतीकडे! बॉयसी ४३-४२ ने विजयी. (जॉन्सन पठ्ठ्याने लगेच मैदानातच मैत्रिणीला लग्नाची मागणीही घातली.)