सनसेट पार्कमधलं जुनं टू-फॅमिली घर: घेण्याआधी काय तपासावं?
(‘माजघर’ विचारतात; ‘ओळंबा’ आणि ‘दर्जभराई’ उत्तर देतात.)

माजघर
न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या सनसेट पार्कमध्ये रांगेतलं एक घर विक्रीला आहे. २०१९ मध्ये तिथे जे चार ऐतिहासिक पट्टे (जुन्या घरांचं रूप जपायचे भाग) जाहीर झाले, त्यांपैकी एकात ते येतं. रुंदी २० फूट, दर्शनी भिंत ब्राउनस्टोनची (तपकिरी दगडाची). सगळ्यात खाली तळघर, त्यावर थोडं जमिनीत गेलेलं बेसमेंट, वर दोन मजले. जाहिरातीत ‘लीगल टू-फॅमिली’ (दोन कुटुंबांसाठी कायदेशीर) लिहिलंय. बेसमेंटमध्ये भाडेकरू आहेत आणि तळघरातही गॅसची शेगडी, सिंक असं सगळं मांडलेलं आहे. स्टूपशेजारच्या (दारापुढच्या पायऱ्यांशेजारच्या) दगडाच्या खपल्या निघतायत, वरच्या मजल्याची जमीन जिन्याकडे उतरती आहे, पुढच्या खिडक्या नव्या ॲल्युमिनियमच्या आहेत. भाडं धरून कर्ज काढायचं तर सुरुवात कुठून करावी?

ओळंबा
कागदांपासून. ‘लीगल’ हा शब्द जाहिरातीत कुणीही लिहितं. डीओबीच्या (शहराच्या इमारत खात्याच्या) संकेतस्थळावर पत्ता टाकून सर्टिफिकेट ऑफ ऑक्युपन्सी, म्हणजे इमारतीच्या वापराचा दाखला, शोधा. १९३८ च्या आधी बांधलेल्या आणि नंतर फारसा बदल न झालेल्या घराला ते नसतं, त्यात गैर काही नाही. मग विक्रेत्याकडून ‘लेटर ऑफ नो ऑब्जेक्शन’ (त्या वापराला हरकत नसल्याचं खात्याचं पत्र) मागा आणि त्यात दोन कुटुंबांचा वापर स्पष्ट लिहिलाय ना ते पाहा. करखात्याच्या नोंदीत ‘बी’ने सुरू होणारा वर्ग दिसेल, पण तो कर आकारण्यापुरता, त्याने वापर कायदेशीर ठरत नाही.

तळघरातल्या मांडणीकडे काणाडोळा करू नका. ज्या मजल्याची निम्म्याहून जास्त उंची रस्त्याच्या कडेच्या पातळीखाली असते ते तळघर, आणि तिथे सहसा भाडेकरू ठेवता येत नाही. निम्मी किंवा जास्त उंची वर असेल तर ते बेसमेंट. त्याला उजेड, हवा, छताची उंची यांच्या अटी पुऱ्या झाल्या तर परवानगी मिळू शकते. टेप घेऊन दोन्ही मजले स्वतः मोजा. तळघरातली गॅसची लाइन परवानाधारक प्लंबरकडून बंद करून देण्याची अट करारातच घाला, कारण तक्रार झाली की दंड नव्या मालकाला येतो.

खिडक्यांचं उत्तर तारखेत आहे. पट्टा जाहीर झाला त्या जून २०१९ च्या आधी बसवल्या असतील तर तशाच राहू शकतात. नंतर बसवल्या असतील तर लँडमार्क्स कमिशनचा (वारसा-वास्तूंचं जतन पाहणाऱ्या शहराच्या आयोगाचा) परवाना हवा. नसेल तर ती भानगड घराबरोबर तुमच्याकडे येईल. कमिशनच्या पट्टानिहाय अहवालात प्रत्येक घराचं त्या वेळचं वर्णन आहे, आणि गूगलच्या जुन्या रस्ताचित्रांत वर्षंही दिसतात. दोन्ही ताडून बघा.

दर्जभराई
खपल्या का निघतात ते आधी कळायला हवं. न्यूयॉर्कचा बराचसा ब्राउनस्टोन कनेटिकटमधल्या पोर्टलंडच्या खाणींचा, थराथराचा वालुकाश्म. खाणीत आडवे असलेले थर भिंतीवर पुष्कळदा उभे लावले गेले. त्यामुळे पाणी थरांमध्ये शिरतं, थंडीत गोठून फुगतं आणि पापुद्रा सुटतो. लाकडी हातोडीने हलकं ठोकत जा: खणखणीत आवाज आला तर दगड धड, बद्द आला तर आत सुटलेला. बद्द भागावर खडूने रेघ ओढा. दुरुस्तीचा अंदाज त्याच क्षेत्रफळावरून मागायचा.

दुरुस्ती म्हणजे सुटलेला दगड धड भागापर्यंत काढायचा, कडा आतल्या बाजूला तिरक्या कापायच्या, दुरुस्तीच्या मसाल्याचे खरवडलेले थर एकावर एक द्यायचे आणि शेवटचा थर दगडाच्या रंगाचा. सुरू केल्यापासून ७२ तास तापमान ४५ अंश फॅरनहाइटच्या खाली जाता कामा नये, म्हणून हिवाळ्यात हे काम काढू नका. वरून वॉटरप्रूफ रंग किंवा सीलर तर मुळीच नको: आतली ओल अडकते आणि पुढच्या हिवाळ्यात रंगासकट दगड सुटतो. मागच्या विटांच्या भिंतीचंही तेच. जुन्या मऊ विटेच्या दर्जा (विटांमधल्या फटी) कडक सिमेंटने भरल्या की ओल विटेतूनच बाहेर पडू बघते आणि वीट फुटते. तिथे चुन्याचा मऊ मसालाच हवा.

तरीही माझ्या मते पहिला पैसा दर्शनी दगडावर घालू नये. लाकडी तुळया एका सामाईक भिंतीतून दुसऱ्या भिंतीत गेलेल्या असतात आणि त्यांची भिंतीतली टोकंच आधी कुजतात. तळघरात प्रत्येक टोकाला टोच्या लावा. अर्धा इंच सहज आत गेला तर लाकूड गेलं. जिन्याकडचा उतार बहुतेक वेळा जिन्याच्या खाचेभोवतालची आडवी तुळई वाकल्याने येतो. प्लास्टरला ताजी भेग नसेल, दारं अडत नसतील, तर तो जुना आणि स्थिरावलेला. कंत्राटदार एका दिवसात जॅकने उचलून देतो म्हणाला तर थांबवा, वरचं सगळं प्लास्टर तडकेल.

माजघर
धन्यवाद. आणि पैशांचं गणित?

ओळंबा
किंमत १५ लाख डॉलर आणि कर्ज १२ लाख धरू. १० लाखांपासून लागणारा मॅन्शन टॅक्स (महागड्या घराच्या खरेदीवरचा कर) खरेदीदाराचा: १ टक्का, म्हणजे १५,००० डॉलर. कर्जनोंदणीचा कर तुमच्या वाट्याला १.९२५ टक्के, सुमारे २३,१००. विक्रेत्याचं जुनं कर्ज शिल्लक असेल तर ते तुमच्या नव्या कर्जात वर्ग करून घेता येतं का, हे दोन्ही बँकांना विचारा. जमलं तर तेवढ्या रकमेवरचा हा कर वाचतो. भाड्याचा साधारण ७५ टक्केच भाग बँक उत्पन्नात धरते, तोही कागदोपत्री कायदेशीर असलेल्या मजल्याचा.

भाडेकरू राहणार असतील तर त्यांचा करार तुमच्यावर बंधनकारक राहतो. करार संपल्यावर नूतनीकरण करायचं नसेल, तर एक वर्षाच्या आतल्या वास्तव्याला ३० दिवस, दोन वर्षांच्या आतल्याला ६० आणि त्याहून जास्त असेल तर ९० दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. पाचव्या ॲव्हेन्यूकडे स्पॅनिश आणि आठव्याकडे चिनी बोलणारी कुटुंबं पुष्कळ. तेव्हा भाडं, अनामत, मुदत हे सगळं गरज पडल्यास दुभाषी घेऊन थेट त्यांच्याकडूनच लिहून घ्या. विक्रेत्याच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. भाड्याच्या मजल्याच्या शिशाच्या रंगाचा एक्सआरएफ (क्ष-किरणांनी रंगातलं शिसं तपासणारा) अहवालही मागा. भाड्याच्या जागेसाठी ही तपासणी करून घेण्याची मुदत ९ ऑगस्ट २०२५ होती.

दर्जभराई
आणखी एक, सामान्य पाहणीत जे सुटतं. सांडपाण्याच्या नळात कॅमेरा घालून थेट रस्त्याखालच्या मुख्य गटारापर्यंत पाहा, कारण तिथपर्यंतचा नळ मालकाचा. पाण्याचा नळ भिंतीतून आत येतो तिथे नाण्याने खरवडा: खाली चांदीसारखं चकाकलं आणि लोहचुंबक चिकटला नाही तर शिसं. बदलण्याचा खर्च सौद्याच्या बोलणीत काढा, सही झाल्यावर नाही.