द्वितीय पीयूसीच्या गुणांना प्रवेशात नेमके किती महत्त्व आहे?

खानापूर तालुक्यातील पालक

नमस्कार. माझी मुलगी बेळगावातील एका पीयू कॉलेजात द्वितीय पीयूसीला (म्हणजे कर्नाटकातील बारावीला) विज्ञान शाखेत शिकत आहे. दहावीपर्यंतचे तिचे शिक्षण आमच्या गावातल्या मराठी शाळेत झाले. प्रथम पीयूसीचे पूर्ण वर्ष इंग्रजी माध्यमाशी जुळवून घेण्यात गेले, त्यामुळे त्या वर्षीचे गुण बेताचेच होते. यंदाच्या सहामाही परीक्षेत भौतिकशास्त्रात तिला अपेक्षेपेक्षा बरेच कमी गुण पडले, म्हणून मी तिची उत्तरपत्रिका मागवून पाहिली. पाच गुणांच्या प्रश्नांना तिने वर सूत्र आणि खाली थेट उत्तर एवढेच लिहिले होते. आकृती नव्हती, मधल्या पायऱ्या नव्हत्या. कारण विचारल्यावर ती म्हणाली, "बाबा, सीईटीत पायऱ्या कोण बघतंय? ट्युशनला सगळे असंच करतात."

याच सुमारास एका खासगी विद्यापीठाकडून, त्यांच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षेच्या आधारावर, अभियांत्रिकीची जागा देऊ केल्याचे पत्र आले असून जागा राखून ठेवण्यासाठी त्यांनी रक्कम भरण्यास सांगितले आहे. आता जागा मिळालीच आहे, तर बोर्डाच्या परीक्षेत फक्त पास झाले तरी पुरे, अशी मुलीची समजूत झाली आहे. कोल्हापूरचे आमचे पाहुणेही महाराष्ट्रात बारावीचे गुण कोणी विचारत नाही असे सांगतात. हे कितपत खरे आहे? द्वितीय पीयूसीचे गुण कोणत्या प्रवेशासाठी मोजले जातात आणि कोणत्या प्रवेशासाठी नाहीत, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

पीयू व्याख्याता, बेळगाव

नमस्कार. आपण उत्तरपत्रिका मागवून पाहिली, हे फार चांगले केले. बहुतेक पालक एकूण गुण पाहतात आणि तिथेच थांबतात.

कर्नाटकात राहून सीईटीमार्फत, म्हणजे राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेमार्फत, अभियांत्रिकीला प्रवेश घ्यायचा असेल, तर "पास झाले तरी पुरे" ही समजूत साफ चुकीची आहे. कर्नाटक परीक्षा प्राधिकरण अभियांत्रिकीची रँक लावताना द्वितीय पीयूसीतील भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणिताचे गुण निम्मे धरते आणि सीईटीतील याच तीन विषयांचे गुण निम्मे धरते. बोर्डाचे तीन विषय मिळून 300 गुण होतात, तर सीईटीचे प्रत्येकी 60 याप्रमाणे 180. एका विद्यार्थ्याला बोर्डात 240 आणि सीईटीत 90 गुण मिळाले, तर त्याचे 80 टक्के आणि 50 टक्के यांची सरासरी 65 येते. दुसऱ्याला बोर्डात 285 आणि सीईटीत 72 गुण मिळाले, तर 95 आणि 40 यांची सरासरी 67.5 येते. सीईटीत 18 गुणांनी मागे असलेला हा दुसरा विद्यार्थी रँकमध्ये पहिल्याच्या पुढे जातो. बोर्डाचे पाच गुण आणि सीईटीचे तीन गुण सारख्याच वजनाचे आहेत. म्हणजेच आपल्या मुलीने भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नात पायऱ्या गाळून तीन गुण घालवले, तर सीईटीतले जवळजवळ दोन प्रश्न चुकवल्याइतकेच नुकसान होते.

उत्तरपत्रिका तपासताना गुण टप्प्याटप्प्याने दिले जातात. आकृतीला, गृहीतकाला, समीकरण मांडण्याला आणि शेवटच्या उत्तराला स्वतंत्र गुण असतात. सूत्र आणि उत्तर एवढेच लिहिलेल्या मुलाला पूर्ण गुण द्यायची तपासणाऱ्याची इच्छा असली, तरी देता येत नाहीत. मराठी शाळेतून आलेल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मी दरवर्षी पाहतो. त्यांना विषय समजलेला असतो, परंतु इंग्रजीत सलग चार वाक्ये लिहायची भीती वाटते, म्हणून ती पायऱ्या टाळतात आणि सीईटीचे कारण पुढे करतात. आपल्या मुलीचे असेच तर होत नाही ना, हे शांतपणे विचारून पाहावे. तसे असेल तर रोज एकच सिद्धता पुस्तक मिटून लिहायची आणि कॉलेजातील शिक्षकांना दाखवायची, एवढे सुरू करावे. प्रथम पीयूसीच्या गुणांची चिंता मात्र सोडून द्यावी, कारण ते रँकमध्ये धरले जात नाहीत. त्या वर्षाचा अभ्यासक्रम सीईटीत असतो, एवढे लक्षात ठेवले म्हणजे झाले.

भाषांचे गुण अभियांत्रिकीच्या रँकमध्ये येत नाहीत, परंतु ते 600 च्या एकूण बेरजेत येतात. पुढे बी.एस्सी. किंवा बी.कॉम.ला जायचे ठरले, तर आपल्या भागातील बहुतेक पदवी महाविद्यालये गुणवत्ता यादी मार्क्स कार्डावरूनच लावतात.

निपाणीचे पालक

कोल्हापूरच्या पाहुण्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. माझ्या मुलाचा प्रवेश महाराष्ट्रातून झाला असल्याने तिकडची पद्धत जवळून पाहता आली. महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेशाची गुणवत्ता यादी एमएचटी-सीईटी या तिकडच्या प्रवेश परीक्षेतील पर्सेंटाइलवर लागते आणि बारावीच्या गुणांना कर्नाटकासारखा निम्मा वाटा नसतो. तरीही बारावीत ठरलेल्या विषयांत खुल्या प्रवर्गासाठी किमान 45 टक्के लागतात, आणि दोघांचे पर्सेंटाइल सारखे आले तर क्रम ठरवताना बारावीचे गुण विचारात घेतले जाऊ शकतात.

महाराष्ट्राने दावा केलेल्या आपल्या सीमाभागातील 865 गावांच्या मराठी मुलांसाठी तिकडे वेगळी तरतूद आहे. दहावी किंवा बारावी वादग्रस्त सीमाभागातील मान्यताप्राप्त संस्थेतून उत्तीर्ण झालेला आणि मातृभाषा मराठी असलेला विद्यार्थी महाराष्ट्राच्या उमेदवारांमध्येच, ई प्रकारात, धरला जातो. त्यासाठी गाव सीमाभागात असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा, असे दोन दाखले विहित नमुन्यात लागतात. आमच्या ओळखीतील एका मुलीला पर्सेंटाइल उत्तम असूनही धावपळ करावी लागली, कारण शाळेच्या दाखल्यात मातृभाषेचा रकाना कोराच राहिला होता. तो रकाना आजच तपासून घ्यावा.

एक सूचना अभ्यासाबद्दलही करतो. एमएचटी-सीईटी महाराष्ट्र बोर्डाच्या पुस्तकांवर असते. त्यात अकरावीचा भाग साधारण 20 टक्के आणि बारावीचा 80 टक्के असतो, आणि गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला दोन गुण असतात. आपल्याकडे पीयूसीला एनसीईआरटीची पुस्तके आहेत. बराचसा भाग समान असला तरी महाराष्ट्राची पुस्तके एकदा तरी सोडवलेली असावीत.

अभियांत्रिकीचा विद्यार्थी, बेळगाव

व्याख्याते सरांचे गणित मान्य करूनही मला थोडे वेगळे सांगायचे आहे. बोर्डात आमच्या वर्गातील पुष्कळ मुलांना 90 टक्क्यांच्या आसपास गुण होते, त्यामुळे आपसांतला खरा फरक सीईटीनेच पडला. म्हणून ट्युशन बंद करण्याचा किंवा सीईटीचा सराव मागे टाकण्याचा निर्णय घेऊ नये. 80 मिनिटांत 60 प्रश्न सोडवण्याचा वेग शेवटच्या महिन्यात येत नाही. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये, हेही ताईला आत्तापासून सांगून ठेवावे.

पीयू व्याख्याता, बेळगाव

आपले निरीक्षण बरोबर आहे आणि ट्युशन बंद करावे असे माझेही म्हणणे नाही. पण ज्या मुलांचे बोर्डाचे गुण मुळातच 90 च्या आसपास असतात, त्यांच्यातला फरक सीईटीने पडतो. या मुलीचे गुण अजून तिथवर आलेले नाहीत, त्यामुळे तिच्यासाठी आज बोर्डाच्या तयारीतून होणारी वाढ अधिक सोपी आणि अधिक खात्रीची आहे. मार्चच्या बोर्ड परीक्षेपर्यंत लेखनाचा सराव आणि त्यानंतर सीईटीपर्यंत पूर्ण वेळ वेगाचा सराव, असा क्रम तिला झेपेल.

खासगी विद्यापीठाच्या पत्राबद्दल बोलायचे राहिले होते. अशी पत्रे जवळजवळ नेहमीच सशर्त असतात. बारावीत किती टक्के लागतील हे पत्रात किंवा माहितीपुस्तिकेत बारीक अक्षरांत लिहिलेले असते, आणि निकाल त्याखाली गेला तर जागा रद्द होते. वेल्लोरच्या व्हीआयटीसारखी संस्था सर्वसाधारण उमेदवाराकडून भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणितात मिळून 60 टक्के मागते. बिट्स पिलानीची अट तर तीन विषयांत मिळून 75 टक्के आणि प्रत्येक विषयात किमान 60 टक्के अशी आहे. भौतिकशास्त्रात मागे पडलेल्या विद्यार्थ्यासाठी ही दुसरी अट फार महत्त्वाची ठरते, कारण गणितातले भरघोस गुण तिथे उपयोगी पडत नाहीत. आपल्याला आलेल्या पत्रातील अट नेमकी कोणती आहे ते वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत. भरलेच तर पावती जपून ठेवावी आणि मूळ मार्क्स कार्ड त्यांच्याकडे ठेवून घेऊ देऊ नये. मूळ कागदपत्रे अडकवून ठेवण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने संस्थांना मनाई केलेली आहे.

जेईई मेन देणार असाल, तर एनआयटीच्या प्रवेशासाठी सर्वसाधारण उमेदवाराला बारावीत 75 टक्के किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये स्थान आवश्यक असते. तिथे गृहराज्य बारावी जिथून उत्तीर्ण झाली त्यावरून ठरते. घरची भाषा मराठी असली तरी आपल्या मुलीचा गृहराज्याचा कोटा कर्नाटकातील सुरतकलच्या एनआयटीला लागेल, नागपूरच्या नाही. वैद्यकीयसाठी रँक केवळ नीटची असते, मात्र बारावीच्या किमान गुणांची अट तिथेही आहे.

खानापूर तालुक्यातील पालक

आपणा सर्वांचे मनापासून आभार. विद्यापीठाचे पत्र काढून पुन्हा वाचले. त्यात तीन विषयांत मिळून 60 टक्क्यांची अट खरोखरच आहे. मुलीलाही ती दाखवली. भाषेच्या भीतीबद्दल सरांनी जे लिहिले, तेही तिने हळूहळू कबूल केले. दोन शंका उरल्या आहेत. मार्चच्या परीक्षेत गुण कमी पडले, तर सुधारण्याची संधी असते का? आणि मराठी शाळेत शिकल्यामुळे ग्रामीण कोट्यात काही अडचण येईल का?

पीयू व्याख्याता, बेळगाव

संधी असते. 2024 पासून बोर्ड एकाच वर्षात एकापेक्षा अधिक वेळा परीक्षा घेत आहे. उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यालाही गुण वाढवण्यासाठी पुन्हा बसता येते आणि त्यांतले चांगले गुण धरले जातात. मात्र पहिल्या परीक्षेतच गुण मिळवायचे हे ध्येय ठेवावे, कारण सीईटीची तयारी आणि बोर्डाची पुन्हा तयारी एकत्र आली की मुलांची फार ओढाताण होते. निकाल अनपेक्षित लागल्यास उत्तरपत्रिकेची स्कॅन केलेली प्रत मागवून विषय शिक्षकांना दाखवावी आणि त्यांनी सुचवले तरच फेरतपासणीसाठी अर्ज करावा.

ग्रामीण कोटा पहिली ते दहावी कर्नाटकातील ग्रामीण भागात शिकलेल्यांसाठी आहे. कन्नड माध्यमाचा कोटा स्वतंत्र आहे आणि तो आपल्याला लागू होणार नाही, परंतु त्यामुळे ग्रामीण कोट्याचा हक्क जात नाही. अर्जात दोन्ही रकाने जवळजवळ असतात आणि घाईत चुकीच्या रकान्यात खूण होते, त्यामुळे अर्ज भरताना स्वतः शेजारी बसावे. दहाही वर्षांचा अभ्यास दाखला शाळेकडून घेऊन त्यावर गटशिक्षणाधिकाऱ्यांची सही घ्यावी लागते. जात आणि उत्पन्नाचे दाखले नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून) काढताना त्यांवरील आरडी क्रमांक, म्हणजे दाखल्याचा क्रमांक, नीट पाहून घ्यावा आणि नावाचे स्पेलिंग दहावीच्या मार्क्स कार्डाशी ताडून पाहावे. जानेवारीत नाडकचेरीत फारशी गर्दी नसते, तेव्हाच ही कामे उरकून घ्यावीत.