खानापूर तालुका, मराठी मीडियम, नीट मॉकला ४५०... सरकारी एमबीबीएसचे चान्सेस किती?

मलप्रभाकाठ

नमस्कार सगळ्यांना. मी खानापूर तालुक्यातली, आमचं गाव जांबोटीच्या बाजूला आत आहे, पहिली ते सातवी गावातली मराठी शाळा आणि आठवी ते दहावी शेजारच्या गावचं हायस्कूल, तेपण मराठी मीडियमच. एसएसएलसीला, म्हणजे दहावीला, मार्क चांगले पडले म्हणून मामांनी हट्टाने बेळगावला सायन्सला घातलं आणि आता सेकंड पीयूसी, म्हणजे बारावी, चालू आहे. पहिले सहा महिने वर्गात काय चाललंय तेच कळत नव्हतं, प्रकाशसंश्लेषण म्हटलं की सगळं डोळ्यासमोर यायचं आणि फोटोसिंथेसिस म्हटलं की वाटायचं हा कुठला तरी नवीनच धडा आहे. आता बरं आहे.

नीटच्या मॉक टेस्टला ४३० ते ४७० च्या मध्ये पडतात. शेवटची ४५० झाली, बायो २६०, केमिस्ट्री १२० आणि फिजिक्स ७०. आम्ही मराठा, म्हणजे इकडे कर्नाटकात ओबीसीतला ३बी गट. घरी भात आणि थोडा काजू आहे, बाबा म्हणतात सरकारी सीट मिळाली तर कसंही करून शिकवतो पण प्रायव्हेटचं नाव काढू नको, आणि ते खरंच आहे, शेत विकून डॉक्टर व्हायचं माझ्याही मनात नाही.

मला बेंगळुरूचं सरकारी मेडिकल कॉलेज, बीएमसी, फार आवडतं, ते निदान लिस्टमध्ये तरी घालू का? दुसरं म्हणजे गावात एकजण म्हणाले मराठी मीडियमच्या पोरांना इकडं रूरल, म्हणजे ग्रामीण कोटा, मिळतच नाही, ते फक्त कन्नडवाल्यांना आहे, हे खरं का? आणि क्लासमधल्या दोघीजणी म्हणतात की एक वर्ष लातूरला रिपीट केलं की महाराष्ट्राचा कोटा पण लागतो. नीटचा पेपर मराठीत घ्यावा का हेही ठरत नाहीये. खरं काय ते स्पष्ट सांगा, वाईट वाटेल म्हणून लपवू नका.

निपाणीकडचा_एमबीबीएस

मी थर्ड इयरला आहे, कर्नाटकातल्याच एका सरकारी कॉलेजात, दहावीपर्यंत तुझ्यासारखाच मराठी मीडियम. स्पष्ट सांग म्हणालीस म्हणून सांगतो, आज पेपर झाला आणि ४५० पडले तर बीएमसी नाही, म्हैसूर नाही, आणि हुबळी बेळगावसुद्धा अवघड आहे. पण ४५० हा आकडा एकटा बघून काहीच ठरत नसतं गं, रँक बघायची. २०२४ ला ६०० मार्क पडलेल्यांची रँक ऐंशी हजाराच्या आसपास गेली होती आणि २०२५ ला फिजिक्स इतकं अवघड आलं की अख्ख्या देशात ६०० च्या वर दीड हजारसुद्धा पोरं नव्हती, पहिल्या आलेल्यालाच ६८६ होते. त्यामुळे कोण तुला "एवढे मार्क लागतात" असं सांगत असेल तर आधी कुठल्या वर्षाचं बोलतोय ते विचार.

आता रूरलचं. त्या गाववाल्यांनी दोन गोष्टी एकत्र केल्यात. कर्नाटकात ग्रामीण १५ टक्के वेगळं आणि कन्नड मीडियम ५ टक्के वेगळं. कन्नड मीडियमचं आपल्याला लागू नाही हे खरं. पण ग्रामीण हे शाळा कुठं होती त्यावर आहे, कुठल्या भाषेत शिकलीस त्यावर नाही. पहिली ते दहावी दहाची दहा वर्षं कर्नाटकातल्या खेडेगावातल्या शाळेत झालेली पाहिजेत, मध्ये एक वर्ष जरी बेळगावला मावशीकडे राहून केलेलं असेल तर गेलं. तुझं सगळं गावातच झालंय म्हणजे तू ग्रामीणला बसतेस आणि ३बी पण आहे, हे दोन्ही धरून ५०० च्या जवळ गेलीस तर माझ्या मते आशा धरण्यासारखं आहे.

आणि फिजिक्स ७० म्हणजे काय ते जरा सांग. ४५ च्या ४५ सोडवतेस काय?

शहापूरचे_काका

बाळ, माझ्या मुलाचं दोन वर्षांपूर्वी सगळं फिरून झालंय म्हणून लिहितो. आमच्याकडे मार्क होते, कागद नव्हता. माझी पोस्टिंग खेड्यात असल्यामुळे त्याची दहावीपर्यंतची सगळी वर्षं खेड्यातच झाली पण मध्ये शाळा बदललेली. मी पहिल्या शाळेचा दाखलाच घेतला नाही, मला वाटलं शेवटच्या शाळेचं सर्टिफिकेट चालतं. चालत नाही. ज्या ज्या शाळेत शिकलो त्या प्रत्येकाचं वेगळं स्टडी सर्टिफिकेट, हेडमास्तरांची सही आणि वर बीईओची, म्हणजे तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्याची, काउंटर सही. मी धावत गेलो तर त्या ऑफिसात साहेब ट्रेनिंगला, दुसऱ्या दिवशी शिक्का कपाटात आणि चावी दुसऱ्याकडे, तोपर्यंत व्हेरिफिकेशनची तारीख गेली आणि पोरगा ग्रामीणमधून बाहेर. मी अजून विसरलेलो नाही. तुझ्या दोन शाळा आहेत ना, म्हणजे असे दोन दाखले, त्यांना फॉर्म २ म्हणतात, आणि ते आत्ताच करून ठेव, निकालानंतर सगळा तालुका तिथंच रांगेत असतो.

३बीचं कास्ट आणि इन्कम एकाच फॉर्म एफमध्ये येतं, नाडकचेरीतून, म्हणजे महसूल ऑफिसातून, त्याच्यावरचा आरडी नंबर केईएच्या, म्हणजे कर्नाटकात सीट वाटणाऱ्या संस्थेच्या, फॉर्ममध्ये घालावा लागतो. त्या दाखल्यावर तुझं नाव मार्कशीटवर आहे तसंच पाहिजे, आडनाव आधी की नंतर हेसुद्धा बघ. आणि केईएचा फॉर्म नीटच्या फॉर्मपेक्षा वेगळा असतो हे पुष्कळांना माहीतच नसतं. तो भरतानाच ग्रामीण आणि ३बी दोन्ही क्लेम करायचं. मागाहून आठवलं म्हणून कोण घेत नाही.

ऑप्शन एंट्रीबद्दल पण सांगून ठेवतो. बीएमसी खुशाल एक नंबरला घाल. वर घातलं म्हणून खालचं जात नाही, रँकप्रमाणे वरून खाली बघत येतात आणि जे पहिलं बसेल ते देतात. आम्ही उलटं केलं, मिळणार नाही म्हणून आवडीची कॉलेजं घातलीच नाहीत, आणि लांब नको म्हणून कारवार, गदग पण सोडलं. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेव, कोप्पळ, रायचूर, बिदर, गुलबर्गा इकडचे कटऑफ खाली दिसले तरी फसू नको. तिथं घटनेच्या कलम ३७१जे खाली ७० टक्के जागा कल्याण कर्नाटकातल्या, म्हणजे त्याच भागातल्या, पोरांना असतात, आणि बेळगाव जुन्या मुंबई इलाख्यातलं, आपण त्यात येत नाही.

दोन_वेळा_रिपीटर

लातूरबद्दल मी सांगते कारण मी स्वतः जाऊन आलेय, बेळगाव तालुक्यातली आहे मी.

रिपीट करून महाराष्ट्राचा कोटा लागत नाही. अजिबात नाही. तिकडच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून पास झालेली लागते आणि वर डोमिसाईल. क्लास कुठं लावला ते कोण बघत नाही. मलाही हेच सांगून पाठवलं होतं, घरच्यांनी रूमचं, मेसचं, क्लासचं मिळून दोन वर्षं पैसे भरले आणि तिथं गेल्यावर एका मुलीकडून कळलं. त्या रात्री मी घरी फोनसुद्धा केला नाही. शिकवणी चांगली होती, ते मी नाकारत नाही, पण कोट्यासाठी म्हणून जाऊ नको.

आणि उलटी भीतीपण घालतात लोक, की बाहेर शिकलं की कर्नाटक जातं. तेही तसं नाही, पहिली ते बारावीत सात वर्षं कर्नाटकात शिकलेलं आणि दहावी किंवा बारावी यातलं एक इथून पास, एवढं असलं की झालं. तुझं तर दोन्ही इथूनच होणार.

महाराष्ट्राचा एकच दरवाजा आपल्याला आहे तो सीमाभागाच्या जागांचा, एमकेबी म्हणतात. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर हक्क सांगतो तिथल्या, मातृभाषा मराठी असलेल्या मुलांसाठी आहे, खानापूर तालुका त्यात येतो. महाराष्ट्राच्या सीईटी सेलचं, तिकडचे प्रवेश तेच बघतात, रजिस्ट्रेशन वेगळं करायचं आणि गाव सीमाभागातलं असल्याचा आणि मातृभाषेचा दाखला जोडायचा. पण जागा अगदी मोजक्या असतात आणि बेळगाव, बिदर, कारवार सगळीकडची मराठी पोरं त्याच जागांवर असतात. फॉर्म जरूर भर, भरवसा त्याच्यावर ठेवू नको.

मला दुसऱ्या खेपेलाही एमबीबीएस नाही लागलं. आता बीएएमएस करतेय आणि मन लावून करतेय. पण तिसऱ्या वेळी बसू की नको यात आठ महिने घालवले ते घालवायला नको होते. रिपीट करायचं तर एकदा, आणि तेपण आधी घरी बसून बोलून.

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे खूप आभार, मी हे आईला वाचून दाखवलं. काका, माझ्या तर डोक्यातच नव्हतं दोन शाळांचे दोन दाखले, उद्याच बाबांना सांगते. ताई, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल काय बोलू, मी परवाच बाबांना लातूरच्या फीचं विचारणार होते.

दादा, होय, फिजिक्स पूर्ण ४५ मारते. मागच्या टेस्टला २३ बरोबर आणि २२ चूक आले. फिजिक्स शेवटी घेते, तेव्हा अर्धा तास पण उरत नाही मग जे दिसेल ते भरते.

निपाणीकडचा_एमबीबीएस

बघ, बरोबरला चार आणि चुकीला वजा एक, म्हणजे ९२ मिळवलेस आणि २२ परत देऊन आलीस. तुझं फिजिक्स ७० चं नाहीच, वेळ नसताना केलेलं फिजिक्स आहे ते. १८० प्रश्न १८० मिनिटं, त्यात बायोचे ९० तुला पन्नास मिनिटांच्या आत झाले पाहिजेत, २६० पडतात म्हणजे येतंय तुला, फक्त वाचून वाचून खात्री करत बसत असशील. मी पण तेच करायचो, मराठीतून आल्यामुळे प्रत्येक वाक्य मनात मराठीत फिरवून बघायचो. ती सवय रोज टाइम लावून ९० प्रश्न सोडवले तेव्हा गेली, दोन महिने लागले. फिजिक्सला निदान एक तास ठेव, आणि ज्यात एकही ऑप्शन उडवता येत नाही तो प्रश्न सोडून पुढं जा. करंट इलेक्ट्रिसिटी, सेमीकंडक्टर, मॉडर्न फिजिक्स, हे आधी पक्कं कर, रोटेशनवर रडत बसू नको.

मराठी पेपरचं, तो महाराष्ट्रातल्या सेंटरवर मिळतो म्हणजे आपल्याला कोल्हापूर घ्यावं लागतं. पेपरमध्ये इंग्लिश आणि मराठी दोन्ही असतं, भाषांतरात घोळ झाला तर इंग्लिशच धरतात. दोन वर्षं इंग्लिशमधून शिकलीस, आता बेळगाव सेंटर आणि इंग्लिश पेपर घे असं मी म्हणेन.

दोन_वेळा_रिपीटर

इथं माझं थोडं वेगळं मत आहे. मी पहिल्या वेळी कोल्हापूरला मराठी घेतला होता, बायोतल्या लांबलचक विधानांच्या प्रश्नांना अडलं की खाली मराठी बघून धीर यायचा. पण आदल्या दिवशी जाऊन राहावं लागतं, पेपर दुपारी दोनला आणि गेट दीडला बंद, मे महिन्याचं ऊन. एक मॉक दोन्ही भाषा समोर ठेवून देऊन बघ, मराठीकडे किती वेळा नजर गेली ते मोज. चार-पाचच वेळा गेली तर दादा म्हणतात तेच कर.

मलप्रभाकाठ

बाबा आज दोन्ही शाळांत जाऊन आले. गावच्या शाळेच्या बाई म्हणाल्या रजिस्टर काढून ठेवते, सोमवारी या. हायस्कूलचा दाखला मिळाला पण त्यात माझ्या नावात आजोबांचं नाव घातलंय आणि एसएसएलसी मार्कशीटवर बाबांचं आहे. हे चालेल का काका?

शहापूरचे_काका

नाही चालणार बाळ. बीईओकडे नेण्याआधीच हेडमास्तरांकडून मार्कशीटप्रमाणे नवीन लिहून घ्या, खाडाखोड करून नको, कोरा फॉर्म घ्या. सोबत मार्कशीटची झेरॉक्स आणि तुझा सॅट्स नंबर, म्हणजे शाळेतला विद्यार्थी नोंदणी नंबर, असू दे. आणि गावच्या बाईंना आजच फोन करून सांगा, नाहीतर त्यापण रजिस्टरमध्ये आहे तसंच उतरवतील.