पर्ड्यू बास्केटबॉल: नोव्हेंबरातली गुडघ्याची बाशिंगं (अनुभव धागा)

आगगाडी_७६५

तर मंडळी, झाला एकदाचा २०२५-२६ चा सीझन सुरू. इव्हान्सव्हिलला ८२-५१ असं धुतलं आणि आपण नंबर एक आहोत. परत लिहितो कारण लिहायला मजा येतेय: सीझनच्या आधीच्या एपी पोलमध्ये (पत्रकारांच्या मतांवरचं रँकिंग) पर्ड्यू नंबर एक, युनिव्हर्सिटीच्या इतिहासात पहिल्यांदाच. १३ ऑक्टोबरला यादी आली तेव्हा आमच्याकडे दिवाळीच्या चकल्या तळणं चालू होतं, बायको म्हणाली फोन बाजूला ठेव तेल उडेल, आणि ग्रुपवर निम्म्यांनी फटाके टाकले नि निम्म्यांनी लिहिलं "झालं, दृष्ट लागली". हा धागा त्या दुसऱ्या निम्म्यांसाठी.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉल नोव्हेंबरात सुरू होतं, मार्चमध्ये ६८ टीमची नॉकआउट, एक हरलात की घरी. पर्ड्यू म्हणजे इंडियानातलं वेस्ट लाफायेट, जिथे आपली पोरं एमएस-पीएचडीला ढिगाने जातात. बिग टेन लीग आपण २६ वेळा जिंकलोय, दुसऱ्या कुणीही इतक्यांदा जिंकलेली नाही. मार्चची ती नॉकआउट? एकदाही नाही. दोनदा फायनलला पोचलो, १९६९ आणि २०२४, दोन्हीदा हरलो.

लिहा मग, कुठल्या वर्षी नोव्हेंबरात सगळ्यात जास्त हवेत होतात आणि का. मार्चचं रडगाणं चार ओळींत आटपा, नोव्हेंबर मात्र सविस्तर पाहिजे.

रात्रीचा_उपमा

मी २०२१ च्या फॉलला आलो, आल्या आल्या लॉटरीच लागली म्हणायची. जेडन आयव्ही, बेंचवरून येणारा ट्रेव्हियन विल्यम्स, आणि तो उंच झॅक ईडी. नोव्हेंबरात एका वीकेंडला नॉर्थ कॅरोलिना आणि दुसऱ्या दिवशी व्हिलानोव्हा, दोघांनाही हरवलं. मला तोवर बास्केटबॉल म्हणजे कॉलनीतल्या सिमेंटच्या कोर्टवर चपला काढून खेळतात तेवढंच माहीत, पण लॅबमधला सीनियर म्हणाला पेंट क्रूचं तिकीट काढ, स्टुडंट सेक्शन आहे, पूर्ण वेळ उभं राहायचं, बसायचं नाही. पहिल्यांदा मॅकीत (आपलं घरचं स्टेडियम) गेलो तर समोरच्या टीमचा माणूस फ्री थ्रो मारायला उभा राहिला नि आजूबाजूच्या हजारो लोकांनी असा काही आवाज काढला की माझ्या दातांपर्यंत आला. वरचं छप्पर घुमटाचं आहे ना, आवाज बाहेर जातच नाही.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी रँकिंग आलं, नंबर एक, शाळेच्या इतिहासात पहिल्यांदा. (हो, सीझनमधलं पहिलं ते, सीझनच्या आधीचं पहिलं यंदाचं. आमच्याकडे पहिल्यांदांचे पण प्रकार आहेत.) मी घरी फोन करून बाबांना सांगितलं, त्यांना वाटलं माझा नंबर आला. गुरुवारी रटगर्सकडे मॅच. शेवटची काही सेकंदं, एका पॉइंटने पुढे, आणि त्यांच्या रॉन हार्पर ज्युनियरने जवळजवळ अर्ध्या कोर्टवरून फेकलेला बॉल बझरबरोबर आत. ७०-६८. सोमवार ते गुरुवार, एवढंच आमचं राज्य.

क्रिमसन_कांदेपोहे

ब्लूमिंग्टनहून, म्हणजे इंडियाना युनिव्हर्सिटीतून नमस्कार. आमच्याकडे मार्चची नॉकआउट जिंकल्याचे पाच बॅनर टांगलेत, धूळ झटकायला माणूस हवा असेल तर कळवा 😄 बाकी चालू द्या, पर्ड्यूवाल्यांच्या आशा वाचायला आम्हाला दरवर्षी आवडतं.

आगगाडी_७६५

१९८७ नंतरचा बॅनर दाखवा मग धूळ पण झटकू. आणि खुर्ची फेकायची नाही. (नवीन लोकांसाठी: १९८५ साली आपल्याशी मॅच चालू असताना इंडियानाचे कोच बॉब नाइट यांनी रागाच्या भरात कोर्टवर खुर्ची भिरकावली होती. ह्या दोन शाळांचं असंच आहे.)

सांगलीची_आजी

नमस्कार, मला गेम फार कळत नाही पण लेक म्हणाली लिही. २०२३ च्या नोव्हेंबरात तिच्या बाळंतपणासाठी तिकडे होते. एक दिवस जावई म्हणाले, आई तुम्ही सारख्या घरातच, चला मॅच बघून येऊ. सीझनची पहिलीच मॅच, सॅमफर्ड नावाच्या कॉलेजशी. कुडत्यावर लेकीचा काळा-सोनेरी स्वेटर चढवला नि गेले.

तो ईडी बघितला आणि मी म्हटलं, अहो हा मुलगा घरात वाकून शिरत असेल. सात फूट चार इंच! आणि समोरची दोन-दोन पोरं त्याच्या हाताला लोंबकळायची, कोपरं मारायची, हा आपला बॉल डोक्याच्या वर धरून शांत उभा. मी शाळेत खो-खो खेळलेली, मला दिसतं कोण मुद्दाम ढकलतंय ते. मी मराठीतून ओरडले दोन-तीनदा, कुणाला काय कळतंय. ९८-४५ जिंकलो. एवढ्या फरकाने जिंकल्यावर लोक खुशीत असतील ना? शेजारी सत्तरीच्या एक बाई होत्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत हातात कागद, कुणाचे किती पॉइंट ते पेन्सिलीने लिहीत होत्या. त्या जाताना मला म्हणाल्या की आत्तापासून फार जीव लावू नका ह्यांच्यावर, मार्चमध्ये रडवतात.

पण जीव लागायचा तो लागलाच. हवाईची स्पर्धा होती थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात, लाहायनाला आग लागलेली म्हणून होनोलुलूला हलवलेली, ती रात्री बाळाला मांडीवर घेऊन बघायचे. गोन्झागा, टेनेसी, मार्केट (हेही कॉलेजच हं), तिघांनाही हरवलं. फायनलला तीनच पॉइंटांनी जिंकलो, आणि बाळानं नेमकं शेवटच्या मिनिटाला शी केली, जावयांनी उठून बदललं, मी नाही उठले.

मग सांगलीला परत आले. एप्रिलमध्ये मोठी फायनल, आपल्याकडे ९ तारखेची सकाळ, म्हणजे नेमका गुढीपाडवा! सूर्योदयाला गुढी उभारायची हा आमच्या ह्यांचा नेम. त्यांनी उभारली, मी खाली मोबाईल कठड्याला टेकवून कडुलिंबाची पानं निवडत होते. ईडीने एकट्याने ३७ केले, बाकीच्यांचे थ्री (लांबून मारायचे तीन पॉइंटवाले) पडेचनात, अख्ख्या मॅचमध्ये एकच पडला. कनेक्टिकटने ७५-६० ने नेली. त्या दिवशीचा कडुलिंब जरा जास्तच कडू होता म्हणा. पण मी लेकीला म्हटलं, अगं फायनलपर्यंत गेली ना पोरं, श्रीखंड खा.

रात्रीचा_उपमा

आजी 🙏🙏 पुढच्या सीझनला तुम्हालाच पेंट क्रूची कॅप्टन करू

माजी_आशावादी

माझं सगळ्यांच्या उलट आहे, मला मार्चपेक्षा नोव्हेंबरचाच त्रास होतो. २०२२ ला आपण रँकिंगमध्येच नव्हतो, आयव्ही गेलेला विल्यम्स गेलेला, दोन फ्रेशमन गार्ड स्मिथ आणि लॉयर, लोक म्हणत होते यंदा बांधणीचं वर्ष आहे, आणि मी इतका सुखात होतो की काय सांगू, काही अपेक्षाच नाही, मॅच बघायची, कोक प्यायचा, झोपायचं. मग थँक्सगिव्हिंग आलं, गावातली दुकानं बंद, बसेस बंद, अर्धी बिल्डिंग घरी गेलेली, आम्ही तिघं देशी फ्रीजमधल्या अंड्यांवर, आणि तिकडे पोर्टलंडला आपण गोन्झागाला ८४-६६ आणि रविवारी ड्यूकला ७५-५६ असं हाणलं, ड्यूकला!, मी खुर्चीवर उभा, खालच्या घरातून कुणीतरी झाडूने छत ठोकतंय, आणि त्याच रात्री मी मार्चच्या तारखा कॅलेंडरमध्ये टाकल्या. तिथेच वाट लागली. कारण त्यानंतर प्रत्येक मॅच म्हणजे टेन्शन, नंबर एक टिकेल का, पहिलं सीड (मार्चच्या स्पर्धेतलं वरचं मानांकन) मिळेल का, सुख म्हणून उरलंच नाही.

मार्च चार ओळींत: १७ मार्च २०२३, कोलंबस, समोर न्यू जर्सीचं फेअरली डिकिन्सन, देशातली सगळ्यात बुटकी टीम, स्वतःच्या लीगची फायनलसुद्धा न जिंकलेली. आपल्याकडे सात फूट चार इंच. ६३-५८, हरलो. पुरुषांच्या स्पर्धेत पहिल्या सीडने सोळाव्याकडून हरायची ती फक्त दुसरी वेळ. पहिली व्हर्जिनियाची, २०१८.

आता लोक म्हणतात व्हर्जिनिया पुढच्याच वर्षी चॅम्पियन झालं. झालं ना, आणि वाटेत ओव्हरटाइमला कुणाला हरवून झालं? आपल्याला. कार्सन एडवर्ड्सने ४२ मारून पण. असो.

यंदा मी ठरवलंय की जानेवारीपर्यंत स्कोअरच बघायचा नाही. इव्हान्सव्हिलचा बघितला तो चुकून नाही, मुद्दाम बघितला.

आकडेमोड

भावना बाजूला ठेवून थोडं लिहितो, कारण यंदाची आशा मला हवेतली वाटत नाही. स्मिथ वेस्टफील्डचा, लॉयर फोर्ट वेनचा, कॉफमन-रेन सेलर्सबर्गचा, तिघंही इंडियानाची पोरं, तिघंही शेवटच्या वर्षाला. ट्रान्सफर पोर्टल आणि पैशांच्या ह्या जमान्यात पोरं दर उन्हाळ्यात कॉलेज बदलतात, आणि हे तिघं इथेच राहिले. पॉइंट गार्ड आणि पोस्टमधला माणूस तीन वर्षं एकत्र खेळला की पिक अँड रोलला (एकाने वाट अडवायची, दुसऱ्याने सुटायचं) बोलावं लागत नाही, नजरेवर चालतं. स्मिथ गेल्या सीझनला बिग टेनचा प्लेअर ऑफ द इयर होता तो उगाच नाही.

गेल्या वर्षी मार खाल्ला तो रिबाउंडला आणि रिंगच्या खाली. ईडी गेल्यावर मोठा माणूस म्हणून डॅनियल जेकबसन येणार होता, तोही सात-चार, आणि नोव्हेंबरात दुसऱ्याच मॅचला सुरुवातीच्याच मिनिटांत त्याचा पाय मोडला, सीझन खलास. नोव्हेंबर असा पण असतो. आता तो परत आलाय, शिवाय साउथ डकोटा स्टेटहून ऑस्ट्रेलियन ऑस्कर क्लफ आणलाय, ज्याचं मुख्य काम बॉल खाली पडू न देणं. म्हणजे जिथे भोक होतं तिथेच ठिगळ लावलंय. कोच पेंटरचं मला हेच आवडतं, दिखाऊ खरेदी नाही.

शंका एकच, गार्डच्या अंगावर धावून येणाऱ्या टीमसमोर काय होणार. ऑक्टोबरात केंटकीशी सरावाची मॅच ७८-६५ अशी हरलो ती तशीच. लोकांनी तेव्हाच छाती बडवायला घेतली, मी म्हणतो ऑक्टोबरात कळलं ते बरंच. पुढच्या आठवड्यात अलाबामाच्या घरी जायचंय, तिथे खरं काय ते दिसेल.

पहाटे_साडेपाच

पुण्यातून. २०१९ चा एमएस, परत आलो, पण टीम काही सुटली नाही. तिकडे घड्याळं मागे गेली की संध्याकाळी सातची मॅच आपल्याकडे पहाटे साडेपाचला, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी मस्त, मॅच बघून अंघोळ करून ऑफिस. मार्चमध्ये घड्याळं पुढे जातात आणि मॅच साडेचारला येते. म्हणजे जेव्हा हरायचं तेव्हाच एक तास आधी उठायचं.

इव्हान्सव्हिलची मॅच झाली त्या दिवशी त्रिपुरी पौर्णिमा. आई म्हणाली एवढ्या पहाटे उठलास, काकड्याला जातोस का देवळात. मी म्हटलं हो जातो, फक्त सेकंड हाफ होऊ दे.

जुना_बॉयलर_९४

पोरांनो तुम्हाला मॅट पेंटर म्हणजे कोच. आम्ही आलो तेव्हा तो इथून नुकताच खेळून बाहेर पडला होता, कोच होते जीन कीडी, ज्यांचं नाव आज त्या कोर्टला आहे. १९९३ च्या नोव्हेंबरात ग्लेन रॉबिन्सन, बिग डॉग म्हणायचे, त्याने मारायला सुरुवात केली आणि थांबलाच नाही, वर्षभराची सरासरी ३० च्या वर, देशात सगळ्यात जास्त. तेव्हा इंटरनेट जवळजवळ नव्हतंच. मी कॅफेटेरियात रात्री भांडी घासायचो, तिथे मॅनेजर रेडिओ लावायचा आणि पाण्याच्या आवाजात स्कोअर ऐकू येत नाही म्हणून सगळे एकदम नळ बंद करायचे. त्यात अमेरिकन पोरं होती, चिनी होता, मी कोल्हापूरचा, कुणी कुणाशी एरवी बोलायचं नाही.

मार्चला ड्यूकने ग्रँट हिलला त्याच्यावर सोडला आणि संपवलं, ६९-६०, एक मॅच आधी फायनल फोर (शेवटच्या चार टीम) हुकला. दोन वर्षांनी पहिलं सीड मिळालं तर जॉर्जियाकडून दुसऱ्याच फेरीत गेलो. कीडींना फायनल फोर शेवटपर्यंत मिळाला नाही. पंचवीस वर्षं त्या माणसाने घालवली. मला अजून त्याचं वाईट वाटतं, २०२४ ला पोरं फायनलला गेली तेव्हा मला पहिल्यांदा कीडीच आठवले.

आता मुलगी तिथेच शिकते. तिला विचारलं यंदा काय वाटतं, तर म्हणते "बाबा, फायनल फोर इंडीला आहे." बस, एवढंच बोलली. मला रात्रभर झोप नाही.

आगगाडी_७६५

काका, तुम्ही बोलून टाकलंत. मी मुद्दाम वर लिहिलं नव्हतं. हो, २०२६ ची फायनल फोर इंडियानापोलिसला, लुकस ऑइल स्टेडियम, ४ आणि ६ एप्रिल, वेस्ट लाफायेटहून हायवे ६५ ने तासाभराच्या अंतरावर. तेच स्टेडियम जिथे गेल्या मार्चला ह्यूस्टनने शेवटच्या सेकंदाला लेअप मारून ६२-६० ने बाहेर काढलं. मी होतो तिथे, वरच्या टोकाला, कोर्ट पोस्टाच्या तिकिटाएवढं दिसत होतं, पण तो लेअप नीट दिसला.

रात्रीचा_उपमा

मग कोण कोण जातंय एप्रिलमध्ये?? माझ्या गाडीत तिघांची जागा आहे, चौथा बारीक असेल तर चौघं

माजी_आशावादी

अरे अजून अलाबामा व्हायचंय, बहामाची स्पर्धा व्हायचीय, डिसेंबरात आयोवा स्टेट येतंय घरी. जरा दम धरा.

(हॉटेल मी ऑक्टोबरातच बुक केलंय. फ्री कॅन्सलेशन आहे.)

क्रिमसन_कांदेपोहे

कॅन्सल करायच्या आधी मला फोन कर, आमचा कुणी पोचला तर मी घेतो.

माजी_आशावादी

तुमचा कुणी पोचला तर हॉटेल फुकट देतो.

सांगलीची_आजी

मी जावयांना विचारलं. एप्रिलचं तिकीट फार महाग नाहीये म्हणे. नातवाचा वाढदिवस नोव्हेंबरात असतो, पण मी सांगितलंय की यंदा मी एप्रिलमध्येच येणार, कारण विचारू नका.