कोल्हापूरच्या नळाला आरओ लावायची गरज आहे का?

पंचगंगाकाठ

आमच्या अपार्टमेंटच्या सभेत ठराव आलाय: सगळ्या फ्लॅटना एकाच कंपनीचे आरओ घ्यायचे, घाऊक दरात. मी एकट्यानं विरोध केला, तर बोलणं "तुम्हाला नातवंडं नाहीत का" इथवर गेलं. पुढच्या सभेत मतदान आहे. तिथं कुणी ऐकून घेत नाही, म्हणून इथं लिहितोय.

आरओ हे मुळात खारं पाणी गोडं करायचं यंत्र. पाणी दाबानं एका पडद्यातून ढकलायचं आणि विरघळलेले क्षार मागं ठेवायचे, हे त्याचं मुख्य काम. आपल्याकडं क्षार आहेत कुठं? शहराला पाणी येतं ते बालिंगा आणि शिंगणापूरच्या उपशातून, थोडं कळंब्यातून, आणि २०२३ च्या दिवाळीपासून काळम्मावाडीहून थेट पाइपलाइननं. सगळं सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचं पाणी. आमच्या नळाचा टीडीएस, म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार किती मिलिग्रॅम तो आकडा, दीडशेच्या वर गेलेला मी पाहिला नाही. पिण्याच्या पाण्याचं आपलं मानक आहे, आयएस १०५००. त्यात ५०० पर्यंत पाणी चांगलं धरलंय, आणि दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतलंय. ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथं आरओवर बंदी घाला, असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्येच म्हटलं होतं.

वर एक लिटर प्यायला मिळावं म्हणून दोन-तीन लिटर मोरीत सोडायचं. काळम्मावाडीहून ५० किलोमीटरच्या वर पाइप टाकून आणलेलं पाणी हे. कशासाठी?

मीनाक्षीकाकी

दादा, टीडीएसचं तुम्ही बघा. माझ्या थोरल्याला दहावीच्या वर्षात कावीळ झाली. दोन महिने पोरगं अंथरुणाला खिळून, बिनतेलाचं खाऊन. पाण्यामुळं की बाहेरच्या पाणीपुरीमुळं, डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मी दुसऱ्या महिन्यात आरओ घेतला आणि तो काढणार नाही.

२०१२ ला इचलकरंजीत काविळीची साथ आली होती ती विसरलात काय सगळे? माणसं गेली त्यात. तीपण पंचगंगेच्या काठचीच होती. त्यांच्या नळाचा टीडीएस किती होता म्हणून कुणी विचारलं का?

आणि एक. आरओच्या पडद्यातून क्षार जात नाहीत तर जंतू कसे जातील? जंतू क्षारापेक्षा कितीतरी मोठा. म्हणजे माझं काम होतंय की.

पंचगंगाकाठ

काकी, पडदा आणि सगळे जोड धड असतील तर जंतूही अडतात, बरोबर आहे. पण जंतूसाठीच घ्यायचं असेल तर निम्म्या किमतीत यूव्ही, म्हणजे अतिनील प्रकाशानं जंतू मारणारा फिल्टर येतो, पाणी वाया जात नाही, आणि सगळ्यात स्वस्त म्हणजे उकळणं. काविळीचा विषाणू उकळीत टिकत नाही. पाणी खळखळ उकळून मिनिटभर तसंच राहू दिलं की झालं. वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नसते.

इचलकरंजीचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. तिथं साथ आली ती पाण्यात मैला मिसळल्यामुळं, क्षारामुळं नव्हे. ज्या घरात टीडीएसचा मीटर बघून समाधान मानलं असतं त्या घरातही कावीळ शिरलीच असती. तो मीटर फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून क्षाराचा आकडा काढतो. गटार मिसळलंय का, हे त्याला कळत नाही.

उपनगरकर

"आपल्याकडं क्षार आहेत कुठं" हे वाक्य पेठेत आणि ताराबाई पार्कात बसून लिहायला ठीक आहे. उपनगरात, पाचगाव, मोरेवाडीकडं या एकदा. आमची सोसायटी अर्धी बोअरवर, अर्धी टँकरवर. बोअरचा आकडा सातशेच्या पुढं. स्टीलच्या पातेल्याला पांढरा थर, गिझरची कॉइल वर्षाला जाते, डाळ शिजत नाही. इथं आरओ हा चैनीचा विषय नाही.

टँकर कुठल्या विहिरीवर भरला, टाकी कधी धुतली, हे विचारलं तर टँकरवाला म्हणतो, "पाणी पायजे का नको तेवढं सांगा." तुमच्या लवादाचा निकाल त्याला वाचून दाखवू?

पंचगंगाकाठ

तुम्हाला आरओ लागतोच, यात वाद नाही. माझा प्रश्न शहराच्या नळापुरता आहे, शीर्षकातही तेच आहे.

उपनगरकर

शीर्षकात "कोल्हापूर" आहे. हद्दवाढ नको म्हणताना आम्ही कोल्हापूर नसतो, आणि पाण्याच्या गप्पा मारतानाही नसतो. असू दे.

पान्यातला माणूस

मी प्लंबिंगचं काम करतोय, पंधराएक वर्षं झाली. दोगंबी पाण्याच्या मशिनीवर भांडाय लागलाय. मशिनीच्या आदी पाइप बघा की.

फिल्टर हाऊसमदनं पाणी चांगलंच सुटतंय. पुईखडीला जावा, बावड्याला जावा, सोडताना क्लोरीन मारलेलं असतंय. घाण हुतंय ते मदल्या मदी. आपल्याकडं पाणी चोवीस तास न्हाई. चावी सुटली की दोन-तीन तास लाइन भरलेली, बाकी टाइम रिकामी. रिकाम्या लाइनीला जिथं भोक हाय तिथनं भायेरचं आत येतंय. आन् जुन्या पेठांत घरात जाणारा पाइप बऱ्याच ठिकाणी गटारीतनं गेलाय, काय काय ठिकाणी अर्ध्या इंचाचा गंजका लोखंडी जीआय. तो बदलायला सांगितला की लोक म्हंत्यात, "चाललंय न्हवं, ऱ्हाऊ दे." पन्नास रुपयाच्या कपलिंगला मागं-पुढं करणारा माणूस पंधरा हजाराचा आरओ हप्त्यानं घेतोय.

त्यात मोटरी. डायरेक लाइनीला मोटर लावली की ती वडून घेती. समोर पाणी कमी असलं की गळतीच्या भोकातनं गटारीचं वडती. एका गल्लीत दहा घरांनी मोटर लावली की अकराव्याच्या नळाला पाणी न्हाई, आन् दहाच्या दहांना वास येतोय. मग धाबी फोन करत्यात.

चावी सुटल्यावर पहिलं पाणी पिण्याला भरू नका. धार स्वच्छ झाली, वास गेला, मग घागर लावा. आमची आजी हेच करायची, तिला कुणी ट्रेनिंग दिलं नव्हतं.

रसायनवाला

वरच्या प्रतिसादाला दुजोरा, आणि थोडी भर. शुद्धीकरण केंद्रात घातलेला क्लोरीन नळापर्यंत थोडा शिल्लक राहिला पाहिजे, लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम. वाटेत काही मिसळलं तर त्याच्याशी लढायला तो असतो. ग्रामपंचायतीचे शिपाई ओटी टेस्ट करतात ती याचसाठी: नळाच्या पाण्यात थेंब टाकायचे, पिवळं झालं तर क्लोरीन आहे. गावात टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर किती आणि कधी टाकली याचा पंचनामा होतो, शहरातल्या फ्लॅटमध्ये मात्र नळाशी ही चाचणी केलेला माणूस मला भेटलेला नाही. बाटली स्वस्त असते. फक्त चाचणी केलेलं पाणी पिऊ नका, ते द्रावण अंगाला चांगलं नाही.

गंमत अशी की लोकांना क्लोरीनचा वास आला की पाणी "खराब" वाटतं, आणि तो वास घालवायला ते कार्बनचा फिल्टर बसवतात. क्लोरीन गेलं की पुढच्या टाकीत पाण्याला राखणदार उरत नाही. आरओच्या पोटातल्या प्लास्टिकच्या टाकीत पाणी दोन दिवस पडून असेल तर तिथंही जंतू वाढतात. यूव्हीचंही तसंच: दिव्यासमोरून जाताना जंतू निकामी होतात, पण पुढं टिकणारं काही पाण्यात राहत नाही. पाणी गढूळ असेल तर प्रकाश पोहोचत नाही. आणि दिवा जळत असला तरी वर्षभरानं त्याचा जोर उतरलेला असतो, डोळ्यांना ते कळत नाही.

खरंच संशय असेल तर सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत नमुना द्या. जंतूंच्या तपासणीसाठी बाटली त्यांच्याकडूनच घ्या, घरातली बिसलेरीची नको. निर्जंतुक बाटलीत सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं. ते नसेल तर क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहतो आणि अहवाल उगाचच चांगला येतो. नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा.

तिखट कट

आमच्या दारात एक विक्रेता आलता. दोन ग्लास, एकात नळाचं पाणी, एकात त्याच्या मशिनीचं. दोन्हीत लोखंडी सळ्या सोडल्या, वीज चालू केली. नळाचं पाणी बघता बघता तपकिरी, चिखलागत. मशिनीचं तसंच पांढरंफेक. आई म्हणाली, "आयोव, एवढं घाण पितोय आपण?" चेक लिहायच्या बेतात होती.

धाकटा भाऊ आयटीआयचा. त्यानं मशिनीच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं आणि म्हणाला, आता लावा. तेपण तपकिरी झालं. तो रंग सळईच्या लोखंडाचा, पाण्यातला नव्हे. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड झिजतं, एवढंच. विक्रेत्यानं चहा पण घेतला नाही.

मीनाक्षीकाकी

हसा. पण तुमच्या घरी भाऊ होता आयटीआयचा. सकाळी चावी सुटल्यावर धार स्वच्छ होईपर्यंत उभं कुणी राहायचं? गाळायचं, उकळायचं, गार करायचं, माठ घासायचा, हे कोण करतं? मी साडेआठला कामावर जाते. पाण्यावर बोलणारी माणसं बहुतेक पुरुष, आणि पाणी उकळणाऱ्या बहुतेक बायका. बटन दाबलं की पाणी येतं, याची किंमत तुमच्या हिशेबात धरा मग आरओ महाग की स्वस्त ते सांगा.

पंचगंगाकाठ

हा मुद्दा मी धरला नव्हता, धरायला हवा. पण बटनाचं सुख यूव्हीतही आहे काकी, त्यासाठी आरओच कशाला?

पेठकरी

मला दोन्ही बाजूंचं पटत नाही. तुम्ही कुठलं मशिन यावर भांडताय, माझं भांडण मशिन घेण्याशीच आहे.

२०१९ च्या आणि २०२१ च्या महापुरात काय झालं आठवा. नदीला पूर, चारी बाजूंनी पाणीच पाणी, उपसा केंद्रं पाण्याखाली आणि शहराचे नळ कोरडे. टँकरच्या मागं घागरी घेऊन पळालो सगळे. त्या दिवसांत भिंतीवरचं यंत्र शोभेचं होतं. कामाला आल्या त्या क्लोरीनच्या गोळ्या, तुरटी आणि गॅसची शेगडी.

पण माझा मुद्दा वेगळा आहे. या गावानं टोल घालवला. पोरं, म्हातारी, वकील, रिक्षावाले, सगळे रस्त्यावर. थेट पाइपलाइनसाठी वर्षानुवर्षं बोंबाबोंब केली तेव्हा ती झाली. तेच गाव पाण्याला वास आला की आता गप्प बसतं, कारण ज्यांचा आवाज वरपर्यंत पोहोचतो त्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात यंत्र आहे. डॉक्टर, बिल्डर, नगरसेवक, कुणीच नळाचं पाणी सरळ पीत नाही. पितो कोण? ज्याला हप्ता परवडत नाही तो. त्यानं तक्रार केली तर "फिल्टर घ्या की" म्हणणारे आम्हीच.

आणि जयंती नाला, दुधाळी नाला? बावड्याला आणि दुधाळीला सांडपाण्याचे प्रकल्प आहेत, तरी नाला ओसंडून नदीत गेल्याच्या आणि नदीत मेलेले मासे तरंगल्याच्या बातम्या संपत नाहीत. शिंगणापूरचा उपसा या नाल्यांच्या वरच्या अंगाला, म्हणून शहराला त्याची झळ कमी. खालच्या गावांनी काय करायचं? त्यांनी घ्यावेत आरओ?

उपनगरकर

भाषण चांगलं झालं. पण आंदोलन होऊन पाइप बदलेपर्यंत माझ्या घरच्यांनी काय प्यायचं, ते राहिलं. मी मोर्चालाही येतो आणि आरओही ठेवतो, दोन्हीत विरोध काय आहे? टोलच्या मोर्चाला गाडीवाले नव्हते होय? गाडी विकून कुणी आलं नव्हतं.

उलट माझा अनुभव सांगतो. सोसायटीत पाण्याचा अहवाल काढायला लावला तो आरओवाल्यांनीच, कारण पडदे वर्षाच्या आत बाद होत होते आणि खिशाला चाट बसत होती. पैसे गेले की माणूस जागा होतो.

पेठकरी

जागा झाला आणि काय केलं? बोअर बंद केली का टँकर बंद केला?

उपनगरकर

टाकी धुतली. पहिल्यांदा. तळाला बोटभर गाळ होता.

पान्यातला माणूस

बोटभर म्हंजे चांगली हाय. मी ढेंगभर काढलाय. अपार्टमेंटच्या खालच्या हौदाचं झाकण गाडी लावायच्या जागेत असतंय, कडेनं फट, पावसाचं आन् टायरचं पाणी सरळ आत. वरच्या टाकीत कबुतर. लोक आरओच्या कँडल बदलत्यात आन् हौदात कोण वाकून बघत न्हाई.

काठकर सर, तुमच्या सभंत आदी हौद आन् टाकी धुवायचा ठराव घ्या, वर्षातनं दोनदा. झाकण उंचावर घ्या, रबर लावा. मेन लाइनीची मोटर काढून हौदाला लावा. गटारीतला पाइप वर घ्या. सगळ्या फ्लॅटमदी वाटला तर एका आरओच्या निम्म्यात बसंल. ह्ये झाल्याव रसायनवाल्या सरांची पिवळी बाटली आणा. पिवळं झालं तर मशिन कशाला पायजे?

रसायनवाला

पिवळं झालं तरी पावसाळ्याचे पहिले दोन महिने आणि पूर ओसरल्यानंतर उकळून प्या. मधेच कुठं खुदाई झाली, पाइप फुटला, तर सकाळची चाचणी संध्याकाळी उपयोगाची नसते.

मीनाक्षीकाकी

तांब्याच्या घागरीचं काय? आमच्याकडं सासूबाईंची आहे, अजून वापरतो.

रसायनवाला

पंधरा-सोळा तास ठेवलं तर जुलाबाचे जिवाणू मरतात, हे प्रयोगशाळेत दिसलंय. काविळीच्या विषाणूबाबत त्यावर विसंबू नका. आणि घागर आतून चिंच-मिठानं घासलेली हवी.

पंचगंगाकाठ

सभेसाठी कागद तयार करतोय: आधी हौद, टाकी, मोटर आणि गटारीतला पाइप. महिनाभर रोज नळाशी ओटीची नोंद, जिन्यातल्या फलकावर सगळ्यांना दिसेल अशी. मग ज्याला हवं त्यानं यूव्ही घ्यावा. सामुदायिक आरओला माझा विरोध कायम.

मीनाक्षीकाकी

फलकावर नोंद रोज कोण लिहिणार, त्याचं नाव पण कागदात घाला. बाईचं नको.